'इम्पीड' : पाय बांधण्याचा शब्द

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या गावच्या पाणीपुरवठा योजनेत गैरव्यवहार झाल्याची तक्रार झाली, तिची चौकशी सुरू झाली आणि आपण त्या कामाच्या मोजमाप पुस्तकाच्या व देयकांच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागितल्या. जन माहिती अधिकाऱ्यांनी कलम ८(१)(ज) चा आधार घेऊन नकार दिला आणि उत्तरात इंग्रजी कलमातले शब्द जसेच्या तसे उतरवले: ही माहिती दिल्यास ती तपासाच्या प्रक्रियेला 'इम्पीड' करील. आपण शब्दकोश पाहिला, तर तेथे अडवणे, रोखणे, अडथळा आणणे, खीळ घालणे, विलंब लावणे असे पाच-सहा अर्थ एका ओळीत मिळाले. त्यांपैकी खरा कोणता, हा शब्द आला कोठून, महाभियोगाच्या 'इम्पीच'शी त्याचे काही नाते आहे का, आणि 'इम्पीड' म्हणजे 'थांबवणे' असेल तर "दोन कागदांच्या प्रती दिल्याने तपास थांबत नाही" असे अपिलात लिहावे का, असे आपण विचारले आहे.

मी वकील नाही. गेली अठ्ठावीस वर्षे मी कायद्याचे मसुदे, करारनामे, निविदा आणि तांत्रिक अहवाल इंग्रजीतून मराठीत आणण्याचे काम करतो, त्यामुळे हा शब्द माझ्या टेबलावर महिन्यातून दोन-चारदा तरी येतो. अपिलाचा निकाल आपली कागदपत्रे आणि चौकशी कोणत्या टप्प्यावर आहे यावर अवलंबून राहील, त्याविषयी मी काही सांगू शकत नाही. मात्र आपल्या चार प्रश्नांमागे खरा प्रश्न एकच दडलेला आहे, आणि तो भाषेचा आहे: 'इम्पीड' होण्यासाठी गती पूर्ण थांबावी लागते, की ती मंदावली तरी पुरते? याचे उत्तर आपल्याला हवे आहे त्याच्या उलट आहे, हे आधीच सांगून टाकतो.

उगमापासून सुरुवात करू. लॅटिनमध्ये 'पेस' म्हणजे पाय, आणि त्या शब्दाचे चालवलेले रूप 'पेद्'. त्याच्या आधी 'इन' हा उपसर्ग लागून 'इम्पेदिरे' हे क्रियापद झाले. त्याचा शब्दशः अर्थ पाय अडकवणे, पायात बेडी घालणे. हा 'पेद्' आपल्याला परका नाही. संस्कृतातला 'पाद', त्यातून प्राकृतामार्गे आलेला आपला 'पाय', फारसीतला 'पा' किंवा 'पाय', ग्रीकातला 'पोद्' आणि इंग्रजीतला 'फूट' हे सगळे एकाच मुळाचे फुटवे आहेत. इंग्रजीच्या जर्मानिक शाखेत मूळ 'प'चा 'फ' आणि 'द'चा 'ट' झाला, म्हणून 'फूट' वेगळा दिसतो एवढेच. बेडी या अर्थाचा इंग्रजी 'फेटर' हाही याच कुळातला आहे. म्हणजे 'फेटर' आणि 'इम्पीड' ही एकाच घरची भावंडे. त्यांपैकी एक घरीच वाढले आणि दुसरे लॅटिन शाळेत शिकून परत आले.

एखाद्या शब्दाचे चित्र स्पष्ट व्हावे यासाठी मी नेहमी त्याचा विरुद्धार्थी शब्द शोधतो. लॅटिनमध्ये तो तयारच आहे. 'इम्पेदिरे' म्हणजे पाय अडकवणे, तर 'एक्सपेदिरे' म्हणजे अडकलेला पाय सोडवणे. कार्यालयीन पत्रांत आपण ज्याला 'एक्स्पिडाइट करा' म्हणतो आणि मोहिमेला ज्याला 'एक्स्पिडिशन' म्हणतो ते दोन्ही शब्द तेथूनच आले. प्रलंबित प्रकरण 'एक्स्पिडाइट' करा असे लिहिणारा कारकून, त्याला ठाऊक असो वा नसो, "या फायलीच्या पायातली दोरी सोडा" असेच म्हणत असतो.

हे दोन शब्द समोरासमोर पाहायचे असतील तर ज्युलियस सीझरने लिहिलेला गॉलमधील, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधील, युद्धाचा वृत्तान्त पाहावा. रोमन सैन्याचे सामानसुमान, तंबू, धान्य, ओझ्याची जनावरे या सगळ्याला लॅटिनमध्ये 'इम्पेदिमेंता' म्हणत, म्हणजे सैन्याच्या पायात येणाऱ्या गोष्टी. इसवी सनापूर्वी ५७ मध्ये साबिस नदीकाठी नर्व्ही या टोळीशी गाठ पडली, तेव्हा नर्व्हींना अशी बातमी मिळाली होती की रोमनांच्या प्रत्येक पलटणीमागे तिचे सामान चालते, म्हणून पहिल्या पलटणीपाठोपाठ सामान दिसताच हल्ला करायचा, मागच्या पलटणी तेव्हा बऱ्याच दूर असतील. सीझरने मात्र शत्रू जवळ आल्यावर चालीचा क्रम बदलला. ओझे नसलेल्या सहा पलटणी पुढे, त्यांच्यामागे सगळ्या सैन्याचे सामान, आणि शेवटी नव्या भरतीच्या दोन पलटणी. ओझे नसलेल्या त्या पलटणींसाठी त्याने वापरलेले विशेषण 'एक्सपेदितुस'चे आहे, आणि लगेच पुढे सामानासाठी 'इम्पेदिमेंता'. सुटलेला पाय आणि अडकलेला पाय एकाच वाक्यात.

मराठी वाचकाला येथे वेगळे समजवावे लागू नये, कारण ही जोडी आपल्या युद्धभाषेत जशीच्या तशी आहे. न लढणाऱ्या लवाजम्याला आपण 'बुणगे' म्हटले आणि लवाजमा न घेता दौडणाऱ्या फौजेला 'सडी' फौज म्हटले. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडले त्याची कारणे अनेक आहेत, पण लढणाऱ्यांच्या जोडीला बुणगे, बायकामुले, व्यापारी आणि यात्रेकरू यांचा मोठा जमाव होता आणि रसद तुटल्यावर त्या सर्वांची तोंडे भरणे अशक्य झाले, याबद्दल फारसा वाद नाही. बुणग्यांनी फौजेचा रस्ता अडवला नव्हता. फौज चालत होती, मोर्चे लावत होती, लढतही होती. फक्त सडी फौज ज्या चपळाईने हलली असती त्या चपळाईने तिला हलता येत नव्हते. 'इम्पीड' या शब्दाचा गाभा यापेक्षा चांगल्या रीतीने मला कधी समजावून सांगता आलेला नाही.

इंग्रजीत नाम आधी आले आणि क्रियापद नंतर. 'इम्पेडिमेंट' चौदाव्या शतकाच्या अखेरीस रुळलेले दिसते, तर 'इम्पीड' सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सांध्यावरचे आहे. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात ते भेटते. नवऱ्याचे पत्र वाचून लेडी मॅकबेथ म्हणते, की त्या सोन्याच्या कड्यापासून, म्हणजे राजमुकुटापासून, तुला जे जे अडवते आहे ते मी माझ्या जिभेच्या फटकाऱ्याने हाकून लावीन. आता त्याला कोण अडवत होते? दारावर पहारेकरी नव्हता आणि वाटेत खंदकही नव्हता. तिच्या मते त्याचा स्वतःचा मऊ स्वभाव आड येत होता. वाट मोकळी होती, पाऊल उचलत नव्हते, आणि नाटककाराने अचूक क्रियापद निवडले होते.

नामाचा एक उपयोग तर आपणही वैद्यकीय कागदांत वाचतो. 'स्पीच इम्पेडिमेंट' असलेला माणूस मुका नसतो. तो बोलतो, पण अडखळत. या 'अडखळणे' शब्दाकडे थोडे लक्ष द्यावे, कारण पायाला ठेच लागून अडखळणे आणि जिभेने अडखळणे यांसाठी आपण एकच क्रियापद वापरतो. पाय आणि बोलणे यांची ही सांगड मराठीने लॅटिनला न विचारता घातलेली आहे.

विद्युतशास्त्रातही हाच धागा दिसतो. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये 'इम्पीडन्स' हा शब्द घडवला. दिशा बदलणाऱ्या विद्युतप्रवाहाला मंडलाकडून होणारा एकूण विरोध, ओहममध्ये मोजलेला, असा त्याचा अर्थ. घरातल्या स्पीकरच्या पाठीवर '८ ओहम' लिहिलेले असते ते याचेच माप आहे. इम्पीडन्स आहे म्हणून प्रवाह बंद पडत नाही, तसे असते तर स्पीकर वाजलाच नसता. प्रवाह किती जाईल हे त्यावर ठरते.

येथे एका अपवादाची कबुली देणे भाग आहे, नाहीतर कोणी तरी तो पुढे करीलच. ख्रिस्ती विवाहविधीत 'जस्ट इम्पेडिमेंट' हा शब्दप्रयोग आहे: या दोघांच्या विवाहाला काही न्याय्य बाधा कोणास ठाऊक असेल तर त्याने आताच सांगावे. वराची आधीची पत्नी हयात असणे ही अशी बाधा आहे आणि तिच्यामुळे विवाह मंदावत नाही, तो होतच नाही. म्हणजे नामाला विशिष्ट कायद्यात पूर्ण प्रतिबंधाचा अर्थ येऊ शकतो. पण तो अर्थ त्या क्षेत्राच्या परिभाषेने दिलेला आहे. क्रियापद जेव्हा 'प्रक्रिया', 'प्रवाह', 'प्रगती', 'वाहतूक' अशा सतत चालणाऱ्या गोष्टींसोबत येते, तेव्हा त्याचा अर्थ जवळजवळ नेहमी चाल बिघडवणे हाच असतो.

हा फरक मी पुस्तकात वाचून शिकलो असतो तर बरे झाले असते. मी तो एका नाल्यावर शिकलो. कामाला लागून चार-पाच वर्षे झाली होती, तेव्हा एका रस्त्याच्या निविदेतील अटींचे भाषांतर माझ्याकडे आले. त्यात एक अट अशी होती, की कंत्राटदाराने पाण्याच्या नैसर्गिक निचऱ्याला 'इम्पीड' करू नये. मी लिहिले, "नैसर्गिक निचरा बंद करू नये." वाक्य सुटसुटीत होते आणि मला ते आवडलेही होते. कंत्राटदाराने भराव टाकताना नाल्यावरची जुनी दगडी मोरी काढून तेथे एक फूट व्यासाचा सिमेंटचा नळा घातला. पहिल्या मोठ्या पावसात पाणी तुंबले आणि वरच्या अंगाच्या दोन शेतांत तीन दिवस उभे राहिले. तक्रार झाली, तेव्हा कंत्राटदाराने मराठी अट पुढे केली. निचरा बंद कोठे झाला आहे? पाणी जातेच आहे, हवे तर येऊन पाहा. आणि पाणी खरोखरच जात होते. शेवटी इंग्रजी मूळ प्रत प्रमाण मानावी असे करारात असल्यामुळे नळा काढावा लागला, पण तोवर त्या शेतांतले सोयाबीन पिवळे पडले होते. त्यानंतर 'इम्पीड'साठी 'बंद करणे' किंवा 'थांबवणे' मी कधीही लिहिलेले नाही. आज तीच अट आली तर मी "नैसर्गिक निचऱ्यास कोणत्याही प्रकारे अडथळा होऊ देऊ नये व त्याचा वेग घटू देऊ नये" असे लिहीन. थोडे लांब आहे, पण एक फुटाचा नळा त्यातून सुटत नाही.

शब्दकोशात 'इम्पीड'च्या शेजारी जे शब्द दिसतात ते प्रत्येक वेगळ्या चित्रातून आले आहेत. 'ऑब्स्ट्रक्ट' हा लॅटिन 'ऑब' म्हणजे समोर आणि 'स्त्रुएरे' म्हणजे रचणे यांपासून झाला; कोणाच्या तरी वाटेत दगडांची रास रचणे हे त्याचे चित्र. म्हणून मी नव्या सहकाऱ्यांना सांगतो, की 'ऑब्स्ट्रक्ट' वाटेला होते आणि 'इम्पीड' चालणाऱ्याला होते. रोजच्या इंग्रजीत हा भेद पुसट झाला आहे हे खरे, तरी चांगला मसुदाकार दोन्ही शब्द शेजारी ठेवतो तेव्हा त्याच्या मनात तो असतो. 'हिंडर' हा शुद्ध इंग्रजी कुळातला, 'बिहाइंड'चा नातलग, त्याचा मूळ भाव मागे ठेवणे. 'प्रिव्हेंट'चा मूळ अर्थ आधी येणे, कोणाच्या पुढे जाऊन उभे राहणे. जुन्या इंग्रजी प्रार्थनेत भक्त देवाला "आमच्या सर्व कर्मांत आम्हाला प्रिव्हेंट कर" असे विनवतो, आणि त्याचा अर्थ "आमच्या पुढे चाल" असा असतो. आज मात्र 'प्रिव्हेंट' म्हणजे गोष्ट घडूच न देणे. आपल्या कलमात हा शब्द नाही, हे लक्षात ठेवावे, कारण त्याकडे पुन्हा यायचे आहे.

याच कुळातला एक विसरलेला शब्द आपल्या घरातही असेल. भारतीय पासपोर्ट उघडून आतली विनंती वाचावी. पासपोर्टधारकाला 'लेट ऑर हिंड्रन्स'शिवाय मुक्तपणे जाऊ द्यावे, असे तेथे राष्ट्रपतींच्या नावाने लिहिलेले आहे. हा 'लेट' म्हणजे 'जाऊ देणे' नव्हे, तर त्याच्या नेमका उलट, अडथळा. जुन्या इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द होते आणि कालांतराने त्यांचा उच्चार एक झाला. अडथळ्याचा 'लेट' बोलीतून गेला आणि कायद्याच्या ठरीव शब्दप्रयोगांत अडकून राहिला.

आता मराठीकडे येऊ, कारण आपली अडचण मुळात मराठी पर्यायांच्या गर्दीमुळे झाली आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'इम्पीड'चा जुळा भाऊ शोधायचा झाल्यास तो 'पायबंद' आहे. 'पायबंद' म्हणजे घोड्याचे मागचे पाय बांधण्याची दोरी. शब्द फारसीतून आला, त्यातला 'पाय' आणि लॅटिनचा 'पेद्' सख्खे, आणि अर्थही अक्षरशः तोच. मला तरुणपणी हे सापडले तेव्हा फार आनंद झाला होता आणि मी काही दिवस जेथे तेथे 'पायबंद' वापरला. एका ज्येष्ठ संपादकांनी पहिल्याच प्रतीवर लाल रेघ मारली. त्यांचे म्हणणे असे, की आपण भ्रष्टाचाराला पायबंद घालतो, अवैध वाळूउपशाला पायबंद घालतो. ज्याला आवर घालायला हवा त्यालाच पायबंद बसतो. 'इम्पीड' मात्र बहुधा चालायला हवे त्याचे पाय बांधतो. "अपुऱ्या निधीमुळे शिक्षणाला पायबंद बसला" असे लिहिले तर शिक्षण हे जणू एखादे व्यसन वाटेल. व्युत्पत्ती चित्र दाखवते, पण त्या चित्राखाली सही कोणाची हे वापर ठरवतो.

'खोडा घालणे' हेही पायाचेच. खोडा म्हणजे गुन्हेगाराचे पाय अडकवण्याचे भोके असलेले लाकूड. परंतु खोडा कोणी तरी मुद्दाम घालतो, त्यात खोडसाळपणाचा वास येतो. 'इम्पीड'ला हेतूची गरज नसते. धुके वाहतुकीला इम्पीड करते, आणि धुके खोडा घालते असे आपण म्हणणार नाही. 'खीळ बसणे' वर्तमानपत्रांना प्रिय आहे, विकासाला दररोज कोठे ना कोठे खीळ बसत असते, पण खीळ बसली की वस्तू हलत नाही. दातखीळ बसलेल्या माणसाची आठवण ठेवावी. 'अडसर' हा दाराआडचा लाकडी दांडा, तो 'ऑब्स्ट्रक्ट'च्या जवळचा. मला स्वतःला या सर्वांत 'लोढणे' हा शब्द चित्र म्हणून सर्वांत नेमका वाटतो. भटक्या गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात, ते गुरू चालू शकते, चरू शकते, पण पळू लागले की ओंडका गुडघ्यांवर आपटतो. (इंग्रजीतल्या 'क्लॉग'चा एक जुना अर्थ नेमका हाच होता, जनावराला बांधलेला ओंडका.) दुर्दैवाने शासकीय मसुद्यात "तपासाच्या गळ्यात लोढणे" असे लिहिता येत नाही.

राहिला 'अडथळा'. तो फिका शब्द आहे, त्यात चित्र उरलेले नाही, आणि म्हणूनच कायद्याच्या मराठीत तो उपयोगी पडतो: हेतू असो वा नसो, गती पूर्ण थांबो वा मंदावो, तो सगळे सामावून घेतो. वाक्यरचनेकडेही लक्ष असावे. इंग्रजीत पाऊस हा कर्ता होऊन कामाला 'इम्पीड' करतो. मराठीत पावसामुळे कामाचा खोळंबा होतो, काम रखडते. खोळंबणे, रखडणे, रेंगाळणे, अडखळणे ही क्रियापदे आपण चालणाऱ्याच्या बाजूने बोलतो, आणि 'इम्पीड'चे मर्मही चालणाऱ्याच्या पायातच असल्यामुळे भाषांतरात पुष्कळदा हीच जास्त खरी उतरतात.

'इम्पीच'विषयी आपली शंका बरोबर आहे. लॅटिन 'पेदिका' म्हणजे पायातली बेडी, त्यावरून उत्तरकालीन लॅटिन 'इम्पेदिकारे' आणि त्यातून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजी 'इम्पीच'. सुरुवातीला त्याचाही अर्थ अडवणे असाच होता, आणि फ्रेंचमधला त्याचा भाऊ 'आंपेशे' आजही त्याच अर्थाने नांदतो आहे. इंग्रजीत मात्र हल्ला करणे या अर्थाच्या 'इम्पेतेरे' या दुसऱ्या लॅटिन शब्दाशी त्याची गल्लत होऊन आरोप ठेवण्याचा अर्थ बळावला. इंग्लंडच्या संसदेत १३७६ पासून अशा कारवाया झाल्या. आपल्या इतिहासाशी संबंध असलेली प्रसिद्ध कारवाई वॉरन हेस्टिंग्जवरची, जिचा खटला १७८८ मध्ये सुरू होऊन १७९५ मध्ये त्याच्या निर्दोष सुटकेने संपला. आपल्या राज्यघटनेत हा शब्द अनुच्छेद ६१ मध्ये राष्ट्रपतींच्या संदर्भात आहे. न्यायाधीशांसाठी घटनेचा शब्द पदावरून दूर करणे असा आहे, जरी बातम्यांत दोन्हींना महाभियोगच म्हणतात.

तर आता आपले अपील. आपला मूळ युक्तिवाद, की 'इम्पीड' म्हणजे थांबवणे आणि प्रती दिल्याने तपास थांबत नाही, हा मी आपल्या जागी असतो तर लिहिला नसता. कायद्याने 'प्रिव्हेंट' किंवा 'स्टॉप' म्हटलेले नाही. समोरचा अधिकारी शांतपणे म्हणू शकेल, की तपास थांबेल असे आम्ही कोठे म्हटले, तो अडखळेल एवढेच म्हणतो, आणि भाषेच्या दृष्टीने त्याचे बरोबर असेल. छापा कधी पडणार आहे, साक्षीदार कोण आहेत, कोणाचे कोणते जबाब झाले आहेत अशी माहिती बाहेर गेली तर तपास सुरू राहूनही त्याचे पाय बांधले जातात, हे कोणीही मान्य करील.

परंतु याच चित्राची दुसरी बाजू आपल्या उपयोगाची आहे. पाय बांधायला दोरी लागते. "चौकशी सुरू आहे" हे पाय असल्याचे सांगणे झाले, दोरी कोणती हे त्यातून कळत नाही. कलमात इंग्रजी 'वुड' आहे, 'माइट' नाही. म्हणजे अडथळा येऊ शकेल एवढी धास्ती पुरत नाही, अडथळा येईल असे म्हणता आले पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ साली याच खंडाचा अर्थ लावताना सांगितले आहे, की तपास चालू असणे एवढ्याच कारणावरून माहिती नाकारता येत नाही. माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा होईल याची समाधानकारक कारणे अधिकाऱ्याने दाखवली पाहिजेत. शिवाय कलम १९(५) प्रमाणे अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर असते. आपण मागितलेली मोजमाप पुस्तके आणि देयके जर चौकशी अधिकाऱ्यांनी आधीच ताब्यात घेतली असतील, तर त्यांच्या प्रतींनी नेमका कोणता पाय बांधला जातो हा प्रश्न फार रास्त ठरतो. ती अजून घेतली नसतील, तर उत्तर वेगळे असू शकेल, आणि हे आधी विचारून घ्यावे.

मी लिहिले असते तर अपिलातले मुख्य वाक्य साधारण असे केले असते: "मागितलेली कागदपत्रे दिल्याने तपासाच्या कोणत्या टप्प्यात, कोणत्या कारणाने आणि कशा प्रकारे अडथळा येईल, याचा कोणताही खुलासा नकाराच्या पत्रात केलेला नाही, केवळ तपास सुरू असल्याचा उल्लेख हा असा खुलासा होऊ शकत नाही." त्याखाली, काही पानांमुळे खरोखर अडथळा येणार असल्यास ती वगळून उर्वरित पाने कलम १० नुसार द्यावीत, अशी पर्यायी विनंती जोडावी.

आणि एक किरकोळ वाटणारी पण नेहमी नडणारी गोष्ट. मराठी प्रतीत खंडांची अक्षरे क, ख, ग अशी चालतात, त्यामुळे इंग्रजीतला आठवा खंड 'एच' मराठीत 'ज' होतो. अनेक जण हा 'ज' म्हणजे इंग्रजी 'जे' समजून वैयक्तिक माहितीच्या खंडावर चार पाने युक्तिवाद लिहितात. तो खंड मराठीत 'ञ' आहे. आपल्या अपिलात "कलम ८(१)(ज), इंग्रजी प्रतीतील खंड एच" असे दोन्ही लिहावे.